वरकसातली करवंदी

ज्या जमिनीत करवंदीच्या जाळ्या माजल्या, त्या घरात राबणारं माणूस उरलं नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालत होते. हे मत मी कुणाकडून ऐकून घेतलेलं नव्हतं. माणगाव तालुक्यातल्या आमच्या वरकसावर, हातात कोयती घेऊन, घामाघूम होऊन ते माझं मीच कमावलं होतं. आज त्याच वरकसावर मी करवंदीच्या बिया रुजवते, गुटी बांधते, आणि कुणी जाळी तोडायला निघालं की आडवी येते. घरच्यांनाही हा बदल नीट उमगलेला नाही, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधीच्या मताला कारणं होती आणि ती मला आजही पोकळ वाटत नाहीत. वरकस म्हणजे भाताखाली न येणारी उताराची जमीन. सासूबाईंच्या काळापर्यंत तिथे नाचणी आणि वरी व्हायची. मग माणसं मुंबईला गेली, नाचणी सुटली, आणि दहा-पंधरा वर्षांत उतारावर करवंदी, तोरण, धायटी आणि रानमोडी असं सगळं एकात एक गुंतून गेलं. १९९०च्या सुमाराला रोजगार हमीतून फळबागेची योजना आली. डोंगरउताराच्या जमिनीसाठी सरकार पैसे देतंय, हे आमच्या भागाला नवीन होतं. काजू, आंबा लावायचा, खड्ड्याची मजुरी योजनेतून मिळायची. मुंबईला गेलेला एखादा मुलगा परत येईल एवढी आशा त्या खड्ड्यांत होती. आम्ही सात-सात मीटरवर खड्डे आखले, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ही कलमं आणली. आखणीची दोरी सरळ जायची तर मधली जाळी जायलाच हवी होती.

दुसरं कारण फुरशाचं. कोकणात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जांभ्या दगडाच्या सापटीत आणि जाळीच्या बुडाच्या पाचोळ्यात फुरसं बसतं, पाचोळ्याच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. विंचवाचीही तीच गत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवून दिला, तो आमच्याच भागातल्या रुग्णांवर उपचार करता करता. ज्या गावात अशा दंशांची आठवण घराघरात आहे, तिथे घराजवळची जाळी तोडणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवू नयेत.

तिसरं कारण साधं होतं. करवंद हा रानमेवा. तो रानात आपसूक येतो, त्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. जे फुकट मिळतं त्याच्यासाठी आपली जागा का अडवायची? लहानपणी मीही डोंगरावर जाऊन ओंजळी भरभरून करवंदं खाल्ली होती. फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ खेळले होते. ती गंमत डोंगराची, शेत शेताच्या जागी, अशी माझी वाटणी होती.

या वाटणीला पहिला धक्का कुंपणानं दिला. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात. काजूचं कलम लहान असेपर्यंत त्याला या मोकळ्या गुरांपासून जपावं लागतं. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही वई घालायचो. वई कशाची, तर करवंदीच्याच फांद्यांची. वरच्या अंगाच्या जाळ्या तोडायच्या, फांद्या आकडीनं ओढत आणायच्या, मेढी पुरून त्यांच्यामध्ये दाबायच्या. दोन माणसांचा आठवडा त्यात जायचा आणि हात रक्तबंबाळ व्हायचे. पावसाळा संपेपर्यंत निम्मी वई वाळवी खायची, उरलेली कुजायची. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. मग काटेरी तार आणली. आमच्या पावसात तार किती टिकते ते सांगायला नको. खांब उभे राहिले, तारा गंजून लोंबू लागल्या, आणि एका बाजूची तार तर कुणी कापूनच नेली.

पऱ्ह्याच्या काठाला मात्र एक पट्टा तोडायचा राहून गेला होता. तिथला काठ इतका उभा, की कोयती घेऊन उतरायला कुणी धजावलं नव्हतं. त्या बाजूनं एकही जनावर कधी आत आलं नाही. तिथे वई नव्हती, तार नव्हती, खांब नव्हता. जिवंत कुंपण तोडून त्याच्या मेलेल्या फांद्यांचं कुंपण आम्ही वर्षानुवर्षं घालत होतो, हे त्या काठावर उभं राहिल्यावर दिसलं. पण एवढ्यानं माझं मत बदललं नाही. करवंदी कुंपणाला बरी, इतकंच मी मान्य केलं. कुंपणाला निवडुंगही बरा असतो.

खरा फरक पडला तो जाळीच्या आत डोकावल्यावर. वैशाखात एकदा चुकलेलं वासरू शोधत मी त्या पट्ट्याशी गेले आणि खाली वाकून आत पाहत बसले. करवंदीची जाळी लोक बाहेरूनच पाहतात. बाहेरून ती सगळी काटेच. प्रत्येक पेरापाशी समोरासमोर दोन, ताठ, बोटाच्या पेराएवढे, काहींचं टोक पुन्हा दुभंगलेलं. पानं जाड, वरून तुकतुकीत. पान तोडलं की पांढरा चीक. करवंदी ही कण्हेरीच्या आणि चाफ्याच्या कुळातली, त्यामुळे चीक तिच्या अंगातच आहे, आणि गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. आतून मात्र जाळी पोकळ असते. बुडाशी बऱ्याच पावसाळ्यांचा पाचोळा साठलेला होता, वरचा थर वाळलेला, खाली हात घातला तर भर वैशाखात गार आणि ओलसर. आणि त्या पाचोळ्यातून रोपं आली होती. जांभळाची तीन, एक ऐनाचं, एक कुंभ्याचं, आणि रायवळ आंब्याचं एक, कंबरेएवढं, काट्यांमधून वाट काढत उजेडाकडे निघालेलं.

जाळीच्या बाहेर दहा पावलांवर उतार उघडा होता. तिथेही याच झाडांचं बी पडत असणार. तिथे होते ते ऐनाचे शेंडे खाल्लेले खुंट, वर्षानुवर्षं बकऱ्यांनी कुरतडून वीतभर उंचीवरच गाठ झालेले. कारण उघड आहे. बुलबुल करवंद खायला येतात, जाळीतच बसतात, आणि आधी खाल्लेल्या फळांच्या बिया तिथेच टाकतात. ऐनाचं पंख असलेलं फळ वाऱ्यावर उडत येतं आणि जाळीत अडकतं. खाली ओल आहे, सावली आहे, आणि बकरीचं तोंड पोचत नाही. चार-सहा वर्षांत झाड जाळीच्या वर डोकं काढतं. तोवर त्याचा शेंडा बकरीच्या उंचीपलीकडे गेलेला असतो.

घरी आल्यावर मी आमच्या उतारावरची मोठी झाडं मनात मोजली. जी कुणी लावलेली नव्हती, त्यांतल्या बहुतेकांच्या बुंध्याशी करवंदीचं जुनं खोड होतं किंवा त्याचा खुंट तरी होता. आमच्या गावात दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं. रोपं येतात, फोटो निघतात, आणि दिवाळीनंतर गुरं सुटली की त्यांतलं फारसं काही उरत नाही. जी झाडं खरोखर जगली, ती जाळीनं जगवली. नुसता माझा समज असता तर मी गप्प राहिले असते; पण कुणीही उन्हाळ्यात एखाद्या जुन्या जाळीपाशी जाऊन वाकून पाहावं, हेच दिसेल.

मातीचंही तसंच. जाळ्या काढलेल्या उतारावर पहिल्या काही पावसाळ्यांत पऱ्ह्याचं पाणी लालभडक यायचं. आम्ही म्हणायचो, पाऊस जोरात आहे. काजूच्या ओळींमधली जमीन दर वर्षी साफ करायची, झाडोरा राहू द्यायचा नाही, ही आमची शिस्त होती. आता काजूच्या मुळ्या कित्येक ठिकाणी उघड्या पडल्या आहेत आणि खाली जांभा दिसतो. ज्या जाळ्या वाचल्या, त्यांच्या वरच्या अंगाला मातीचा उंचवटा तयार झालेला आहे, अडलेल्या मातीचा.

मग मी करवंदी लावायला घेतली.

लावणं अवघड नाही, धीर मात्र लागतो. फळ पूर्ण काळं झालेलं घ्यायचं, चोळून गर काढायचा, बिया धुवून सावलीत जेमतेम सुकवायच्या आणि लगेच पेरायच्या. बी ठेवून दिलं की त्याची उगवण झपाट्यानं कमी होते; पुढच्या वर्षीसाठी डब्यात जपून ठेवलेलं बी बहुधा वाया जातं. ज्येष्ठात फळ हाती येतं आणि तेव्हाच पाऊस सुरू होतो, हा मेळ झाडानंच घातलेला आहे. पिशवीत रोप पहिलं वर्षभर फारसं हलत नाही. लोक कंटाळतात ते इथे. दुसऱ्या पावसाळ्यात लावलं, पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी दिलं, की पुढे त्याला काही लागत नाही. कुंपणासाठी हात-दीड हातावर एक रोप लावावं, फळांसाठी दोन-अडीच मीटर सोडावं. बियांपासूनच्या झाडाला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसतं. छाटकलमं सहज फुटत नाहीत. गुटी बांधली, मुळं फुटायचं संजीवक लावलं, तर पावसाळ्यात मुळं येतात.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात आहे. मी तिची थोडी रोपं लावली आहेत आणि फळ खरंच भरदार येतं. उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा या जाती आहेत. तिकडचं करौंदा आपल्या डोंगरी करवंदापेक्षा वेगळं, पांढरट-गुलाबी, श्रावण-भाद्रपदात येणारं. केकवर आणि पानात जी लाल चेरी मिळते ती बहुतेक वेळा साखरेत मुरवून रंगवलेलं हेच करौंदं असतं. या जाती चांगल्या आहेत, पण सबंध कुंपण एकाच जातीच्या गुटींचं करावं असं मला वाटत नाही. आमच्या उतारावर एक जाळी चैत्र संपताना पिकते, दुसरी ज्येष्ठ लागल्यावर. एकीचं फळ गोड, दुसरीचं आंबट, तिसरीचं जरा तुरट पण लोणच्याला उत्तम. सगळी फळं एका आठवड्यात, एका चवीची, एका मापाची झाली तर बाजाराचं भलं होईल. पाखरांचं आणि घराचं होणार नाही.

छाटणीबद्दल एक सांगायला हवं, कारण इथे पुष्कळांचं नुकसान होतं. करवंदीचा पांढरा, जाईसारख्या वासाचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. शोभेच्या कुंपणासारखी तिची टोकं सारखी कापत राहिलं तर कुंपण दाट होतं, फळ मात्र जातं. मी वाटेकडची बाजू तेवढी कापते, तीही फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी. आतली बाजू मोकळी सोडते. घराच्या जवळ जाळी ठेवत नाही, आणि जिथे जाणंयेणं असतं तिथे बुडापासून हातभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून जमीन दिसती ठेवते. फुरशाचा माझा धाक गेलेला नाही. तो जाऊही नये.

स्वयंपाकघरात करवंदानं मला आणखी बांधून घेतलं. आमच्याकडे कच्च्या करवंदाचं लोणचं व्हायचं, पण वाटीभर, हौसेपुरतं. आता ते बरणीनं होतं. चैत्रात, फळ हिरवं आणि बी अजून कोवळं असताना काढायचं. देठ काढला की चीक येतो, म्हणून करवंदं मिठाच्या पाण्यात टाकायची आणि ते पाणी दोन-तीनदा बदलायचं. हाताला आधी गोडं तेल चोळायचं, नाही तर बोटं दिवसभर एकमेकांना चिकटतात. मग बत्त्यानं हलकं ठेचून बिया काढायच्या, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी जे पाणी सुटलेलं असतं ते फेकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते फेकू नये. सगळी आंबट चव त्यात असते आणि लोणचं टिकतं तेही त्याच्या जोरावर. फेसलेली मोहरी, तळून कुटलेली मेथी, हिंग, तिखट, आणि पूर्ण गार झालेली फोडणी. महिनाभर मुरलं की पेजेबरोबर दुसरं काही लागत नाही. ओलं खोबरं, हिरवी मिरची, गूळ आणि कच्ची करवंदं यांची पाट्यावरची चटणी तर त्याच दिवशी संपते.

जेली मात्र मला कुणी शिकवली नव्हती. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं आणि आंबटपणाही. त्यामुळे बाहेरून काही न घालता जेली धरते. हिरवट-लाल फळं अर्ध्याहून जास्त, काळी थोडी रंगासाठी. बुडेल एवढ्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायची. फडकं पिळायचं नाही, पिळलं की रस गढूळ होतो. जेवढा रस तेवढी साखर, फळ जास्त पिकलेलं असेल तर साखर थोडी कमी. थंड बशीत थेंब टाकून बोटानं सरकवला आणि त्याला सुरकुती पडली, की उतरवायची. रंग माणकाचा येतो. भांडं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमला ही आंबटाई खाते. शिजताना चीक भांड्याच्या काठाला चिकट पट्ट्यासारखा बसतो, तो आधी तेलाच्या बोळ्यानं पुसावा आणि मग भांडं घासावं. पाणी लावलं की तो आणखी घट्ट होतो.

जेलीच्या बाटल्या माणगावला आणि मुंबईच्या नातेवाइकांकडे जाऊ लागल्या तसं घरात बोलणं निघालं, की एवढं येतंय तर पिकलेली करवंदंही वाशीला पाठवू. गाडी दारातून जाते, मे महिन्यात मुंबईत करवंदाला भाव असतो, वटपौर्णिमेच्या वाणात तर ती हवीतच. हिशेब चुकीचा नव्हता. तरी मी नको म्हटलं, आणि त्यामागे जे आहे ते माझ्या मतबदलाचा निम्मा भाग आहे.

आमच्या वरकसाच्या वर कातकऱ्यांची वाडी आहे. पावसाळा संपला की वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, आणि वैशाखात परततात. परत आलेल्या घरात तेव्हा पैसा नसतो, शेतीचं काम सुरू व्हायला महिना असतो. त्या महिन्यात करवंदं असतात. पहाटे बाया डोंगरावर जातात, दहापर्यंत टोपली भरते, मग एसटी स्टँडवर किंवा महामार्गाच्या कडेला पानांचे द्रोण करून ‘डोंगरची काळी मैना’ विकतात. आम्ही जाळ्या तोडल्या त्या आधी याच बाया आमच्या उतारावर येत होत्या. कुणी त्यांना हाकललं नाही. जाळ्याच राहिल्या नाहीत, म्हणून त्या येईनाशा झाल्या, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

२००६च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला. पण करवंदी काही फक्त वनखात्याच्या हद्दीत उगवत नाही. ती आमच्यासारख्यांच्या खासगी वरकसावर, बांधावर, पडीक माळावर जास्त असते. तिथे त्यांना हक्क नाही, नुसती रीत आहे: मालक काही म्हणत नाही तोवर तोडायची. एकानं काजू लावला, दुसऱ्यानं जमीन फार्महाऊसला विकली, तिसऱ्यानं जेसीबी लावून प्लॉट पाडले. महामार्ग रुंद झाला तशी रस्त्याकडेची बसायची सावलीही गेली. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं, कुणी कायदा मोडत नाही, आणि एका वाडीचा वैशाख हातचा जातो. अशा वेळी आम्ही, ज्यांच्याकडे जमीन आहे, काजू आहे, पेन्शन आहे, त्यांनीच पिकलेल्या करवंदाच्या पेट्या भरून त्याच बाजारात उतरणं मला पटत नाही. करवंदीची लागवड वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण लागवडवाल्यानं कच्चं फळ घ्यावं, त्यावर प्रक्रिया करावी, आणि द्रोणातलं पिकलं करवंद गोळा करणाऱ्या हातांसाठी सोडावं.

पऱ्ह्याच्या पट्ट्यातली आणि नव्या कुंपणावरची काळी करवंदं आता वाडीतल्या बाया नेतात. त्यांतल्या एका वयस्क बाईंना मी मावशी म्हणते. पिकलेलं करवंद कसं काढायचं ते मी इतकी वर्षं करवंदं खाऊन त्यांच्याकडून शिकले. त्या फळ तोडत नाहीत. फळाखाली तळवा धरतात आणि अंगठ्यानं नुसतं ढकलतात. “वयनी, हात लावल्यावर सुटला पायजे. वढाया लागला तं तो झाडाचा हाय, आपला नाय,” त्या म्हणाल्या. मी करून पाहिलं. सुटलेल्या फळाच्या देठापाशी चीक जवळजवळ नसतो. ओढलेल्याला लगेच पांढरा थेंब येतो, आणि तोच घशाला लागतो. टोपलीत एकमेकांवर पडलेली चिकाळ फळं संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. मावशींची टोपली दुसऱ्या दिवशीही विकली जाते.

सगळं जुळून आलं आहे असं मुळीच नाही. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला, २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोचला. करवंदावर पाऊस पडला की फळ पाणचट होतं, अळी धरते, आणि मग ते कुणी विकत घेत नाही. माझी जेली आणि लोणचं चैत्रातच झालेलं होतं. वाडीचा हंगाम मात्र अर्ध्यात बुडाला. तेव्हापासून मी मावशींना म्हणते आहे, की थोडं फळ कच्चंच तोडा, मी रोख घेते, पाऊस लवकर आला तरी हातात काही तरी राहील. त्यांना हे मान्य नाही. चिकानं हात चिकटतात, काट्यांत दुप्पट वेळ जातो, आणि कच्चं तोडलं तर पोरांना आणि पाखरांना काय, असा त्यांचा सवाल आहे. हिरव्या फळावर भाव मी ठरवणार, काळ्यावर त्या स्वतः ठरवतात, हेही त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या वर्षी एवढंच ठरलं आहे. वाटेकडच्या कुंपणावरचं फळ कच्चं काढायचं आणि भाव वाडीतल्या बायांनी आधी सांगायचा. पऱ्ह्याच्या पट्ट्याला कुणी चैत्रात हात लावायचा नाही. दीरांना वरच्या अंगाची तार बदलायची आहे, खांबांचा भाव काढून ते बसले आहेत. तिथे तारेच्या आतल्या बाजूनं मी गेल्या पावसाळ्यातली रोपं लावणार आहे. रोपं दोन हातांची होईपर्यंत तार राहील, त्यानंतरचं त्यानंतर बघू, असं त्यांनीही कबूल केलं आहे.